गॅरेजच्या छताला टांगलेला माळा

सासरी पाहुणा आला की सासरे त्याला आधी गॅरेजमध्ये न्यायचे, चहा नंतर. ओझरच्या अलीकडे रस्त्याला लागून बंगला, बंगल्याला चिकटून गॅरेज, त्यात ट्रॅक्टर आणि पिकअप. त्यांच्या डोक्यावर, स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून, लोखंडी सळयांना टांगलेला जाळीचा मोठा माळा. माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून तो आळेफाट्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला होता. पिकअप खालून आरामात आत जायची आणि वर अख्ख्या घराची अडगळ मावायची. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, टोमॅटोचे क्रेट, गणपतीचं मखर, बिघडलेला कूलर, जास्तीच्या गोधड्या.

"खालची जागा मोकळीच्या मोकळी ऱ्हाती पावणं," सासरे सांगायचे आणि एखादी सळई धरून जोरानं हिसकायचे. माळा हलायचा नाही. पाहुणे मान डोलवायचे.

मी त्या घरात आले तेव्हा माळा नवा होता, रंगाचा वासही गेला नव्हता.

आम्ही जुन्नरला कॉलेजात भेटलो. मी घोडेगावची, बौद्ध घरातली. वडील डोंगरातल्या गावांना एसटी घेऊन जायचे, आई घरी ब्लाउज शिवायची. तो बागायतदाराचा एकुलता एक मुलगा. त्याच्या घरच्यांनी बरेच दिवस हो-नाही केलं आणि मग एकदम मोठ्या मनानं हो म्हटलं. "आमी जातपात मानत न्हाई," सासूबाई लग्नात भेटेल त्याला सांगत होत्या. इतक्यांना सांगितलं की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं.

आईनं मला संसाराला भांडी दिली होती. ताटं, वाट्या, तांबे, एक मोठं पातेलं. सगळं जाड स्टील, प्रत्येक भांड्याच्या काठावर तिचं नाव घातलेलं. शिवाय एक गादी आणि पितळेची छोटी बुद्धमूर्ती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सामान सोडायला बसले तर सासूबाई दारात आल्या.

"भांडी लई झाली गं घरात. तुझी वर ठेवू. जपून ऱ्हातील."

मी बरं म्हटलं. मग त्यांनी मूर्तीकडे बोट केलं.

"ते पण वरच ठेवू."

"आत्या, देव्हाऱ्यात नको. माझ्या खोलीत ठेवते ना, कपाटावर."

"अगं, वर म्हंजी मानाची जागा. खाली थोडंच ठेवतोय?"

नवऱ्यानं शिडी लावली. गादी, भांड्यांची खोकी आणि गोणपाटात गुंडाळलेली मूर्ती कूलरच्या शेजारी जाऊन बसली. शिडी काढून सासऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेली, कुलूप लावलं. चोऱ्या होतात म्हणाले.

त्या घरात मला कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. हे मी शपथेवर सांगेन. देव्हाऱ्याला हात लावू नको असंही कुणी म्हटलं नाही. मी उठायच्या आत पूजा झालेली असायची, इतकंच. संकष्टीला सासूबाई ओझरला जायच्या तेव्हा गाडीत नेमकी एक जागा कमी पडायची. स्वयंपाकाला मी भाज्या चिरायचे, भांडी घासायचे. पीठ त्या मळायच्या. "तू शिकलेली, तुला कशाला तरास," म्हणायच्या. मी नवऱ्याला सांगायला गेले की माझंच मला हसू यायचं, कारण सांगण्यासारखं काही नसायचंच.

मग टोमॅटोचा तोडा आला. आंबेगावच्या डोंगरातून कामाला बाया आल्या. त्यांचं दुपारचं जेवण आमच्याकडे होतं. सासूबाईंनी नवऱ्याला शिडी लावायला सांगितली आणि वरून एक खोकं उतरलं. माझं. त्यातली ताटं पडवीत मांडली गेली.

एक बाई माझ्या आईच्या ताटात भात कालवत होती. मला म्हणाली, "ताई, लई भारी ताटं हायेत. जड हायेत."

"खा पोटभर," मी म्हटलं. त्या जेवल्या याचं मला वाईट वाटलं नाही. भांडी कुणीतरी वापरली, कुणीतरी चांगली म्हटलं, उलट बरंच वाटलं. पण जेवणं झाल्यावर सासूबाईंनी ती ताटं स्वयंपाकघरात येऊ दिली नाहीत. बाहेर हौदापाशी धुतली, तिथंच भिंतीला टेकवून वाळवली आणि संध्याकाळी पुन्हा वर.

"मजुरांची भांडी म्हणून तीच का?" मी रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याला विचारलं.

"पडून होती ती. स्टील आहे गं. स्टीलला काय कळतंय?"

"मला कळतंय."

"तू प्रत्येक गोष्ट तिकडंच नेतेस," तो म्हणाला. तिकडं म्हणजे कुठं, ते त्यानं सांगितलं नाही.

मला दिवस गेले. सातव्या महिन्यात आई-वडील मला बघायला आले. आईनं करंज्या केल्या होत्या, हिरवी साडी आणली होती. सासऱ्यांनी वडिलांना गॅरेज दाखवलं, सळई हिसकून दाखवली. वडिलांना गाड्यांची आवड. ते पिकअपभोवती फिरून बारकाईनं बघत होते. आई मात्र वर बघत होती. जाळीतून गोणपाटाचा एक कोपरा खाली लोंबत होता. गोणपाट ती ओळखत नव्हती, पण ते सुटलं होतं आणि त्यातून मूर्तीचा गुडघा दिसत होता.

"ते वर काय आहे?" तिनं मला हळू विचारलं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या,

"वरच ठेवलंय बघा इनबाई. खाली न्हाई ठेवलं."

आईनं पदर डोक्यावर घेतला, ट्रॅक्टरच्या चाकाशी उभी राहून वर बघत हात जोडले. ती तशी उभी असताना सासरे वडिलांना पिकअपचं अ‍ॅव्हरेज सांगत होते.

जेवायला पाहुण्यांना आधी बसवलं. "पावणं आधी, आमी मागनं," सासूबाई म्हणाल्या. घरात काचेचा नवा सेट होता, माझ्या नणंदेच्या सासरचे येत तेव्हा तोच निघायचा. मी तो काढायला गेले तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, वाढलंय मी." मी बाहेर आले. आई-वडिलांच्या पुढे ताटं होती. पुरणपोळी, आमटी, भजी, तुपाची वाटी, कशाची कमी नव्हती. ताटं आमची होती.

वडिलांनी घास घेता घेता काठावरचं नाव वाचलं आणि खूश झाले. "अगं, ही तर आपलीच!"

"म्हटलं, तुमाला सवयीची बरी पडतील," सासूबाई म्हणाल्या आणि आणखी एक पोळी वाढली.

वडील हसत होते. आईकडे बघितल्यावर त्यांचं हसू थांबलं. आईनं मान वर केली नाही. तिनं ताटातलं सगळं संपवलं, आमटीची वाटी पुसून घेतली. मग स्वतःचं आणि वडिलांचं ताट उचललं आणि कुणाला न विचारता हौदापाशी गेली. तिला कुणी जागा दाखवली नव्हती. तिनं ताटं राखेनं घासली आणि भिंतीला टेकवून ठेवली. सासूबाई दारातून "ऱ्हाऊ द्या व्हो, ऱ्हाऊ द्या" म्हणत राहिल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

निघताना आईनं माझ्या पोटावर हात ठेवला. "चिडू नको. बाळाला लागतं," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी ताटं वर गेली नाहीत, मी जाऊ दिली नाहीत. संध्याकाळी सगळे टेबलावर बसले तेव्हा मी हौदापासून आईचं ताट आणलं आणि त्यात वाढून घेतलं. मला वाटलं होतं, लाज वाटेल. सासऱ्यांनी ताटाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा एवढा सैलपणा मी लग्नापासून पाहिला नव्हता.

"बरं केलंस गं," त्या म्हणाल्या. "आपापलं असलं की बरं असतंय."

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली माझ्यासाठी एक वेगळी फळी लागली. एक ताट, एक वाटी, एक तांब्या. नवऱ्यानंच ती ठोकली. मी मागितली असंच त्याला वाटत होतं. भांडायला म्हणून मी ते ताट घेतलं होतं आणि त्यांना हवं होतं तेच आयतं हातात दिलं होतं.

मुलगी झाली. सासूबाईंनी तिला जीव लावला, खोटं कशाला बोलू. अंगाला तेल त्याच लावायच्या, पाळणा त्याच हलवायच्या. ती खाऊ लागली तशी माझ्या मांडीवर येऊन माझ्या ताटात हात घालायची. सासूबाई येऊन तिचा हात अलगद उचलायच्या, ओल्या फडक्यानं बोटं पुसायच्या. "ते मम्मीचं ताट. आपलं हे," म्हणत तिला दुसरीकडे बसवायच्या. रागावून कधीच नाही. गोड आवाजात, बडबडगीतासारखं.

मुलगी तीन वर्षांची होती. घरी नणंद, तिचा नवरा, सगळे जेवायला होते. मी माझ्या ताटात दूधभात कालवला आणि घास तिच्यापुढे धरला. तिनं नाक मुरडलं.

"छी. ते मम्मीच्या ताटातलं."

टेबलभर हशा झाला. नणंद म्हणाली, "बया, केवढं कळतंय हिला!" सासरे डोळे पुसत हसले. माझा नवराही हसला. मग माझ्याकडे बघून थांबला, पण आधी हसला होता.

मी घास माझ्याच तोंडात घातला. जेवण संपवलं. सकाळी दोन पिशव्या भरल्या आणि त्याला म्हटलं, "शिडी लाव. माझं सामान काढायचंय."

"आज तोडा आहे. उद्या बघू."

मी शिडीची वाट बघितली नाही. मुलीला कडेवर घेऊन रस्त्यावर आले. ती आजीच्या नावानं रडत होती, माझ्या खांद्यावर बुक्के मारत होती. नारायणगावच्या स्टँडवर बायका माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या, इतकी रडली. मंचरला गाडी बदलली तेव्हा झोपली.

घोडेगावला आईनं तिला पाणी दिलं तर तिनं पेला ढकलला. "आपला नाही. आपला पाहिजे."

"आपलाच आहे बाळा," आई म्हणाली.

"नाही. तुझा आहे."

ती तहानलेली होती, ओठ सुकले होते, तरी पेल्याला तोंड लावेना. शेवटी आई म्हणाली, "बरं. हात पुढं कर." मुलीनं ओंजळ केली. आईनं वरून पाण्याची धार सोडली, आणि ती घटाघटा प्यायली. वडील खाटेवर बसले होते. त्यांच्या आईला गावात कसं पाणी मिळायचं हे त्यांनी मला लहानपणी एकदाच सांगितलं होतं. ते उठून बाहेर गेले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

आता मी घोडेगावातच एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. मुलगी शाळेत जाते, कुणाच्याही डब्यातलं खाते. सुट्टीत ओझरच्या आजीकडे जाते, नवा फ्रॉक घालून येते आणि चार दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. आईच्या पेल्यातून पाणी प्यायला तिला सहा-सात महिने लागले. आईनं तेवढे महिने तिला ओंजळीतच दिलं, एकदाही जबरदस्ती केली नाही.

नवरा अधूनमधून मोटरसायकलवर येतो. मुलीसाठी द्राक्षं आणतो. अंगणात खुर्चीवर बसून चहा पितो. गेल्या वेळी निघताना म्हणाला, "चल ना आता घरी. आई आता काही बोलत नाही."

"त्या आधीही काही बोलत नव्हत्या."

त्याला ते कळलं की नाही, मला सांगता यायचं नाही. त्यानं मुलीच्या डोक्यावर हात फिरवला, गाडीला किक मारली. मुलगी फाटकापर्यंत त्याच्यामागे पळत गेली आणि आजीला सांगा म्हणून काहीतरी ओरडली. गाडीच्या आवाजात मला पुढचं ऐकू आलं नाही.