गळ्यातला पेन ड्राइव्ह

फुकट सल्ला देणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. सेलूच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात भेटलेला तो तर माझ्यासारखाच गिऱ्हाईक होता. गळ्यात दोरीला पेन ड्राइव्ह, आणि बोलताना तोच बोटांत फिरवत राहायचा.

माझ्या बस चालवायच्या गेममध्ये मी दोन वर्षं खपून दीडशे मॉड, म्हणजे गेम बदलणाऱ्या बाहेरच्या जादा फायली, घातले होते. आपली लाल बस, वर्धा-नागपूर रस्ता, हिंगणीचा फाटासुद्धा. हे सगळं सांभाळायला कोणता मॉड मॅनेजर घ्यावा, असं मी कॉम्प्युटर दुकानात नेऊन दुकानदाराला विचारलं, तर उत्तर यानं दिलं.

"जो गेमच्या फोल्डरले हात न लावता मॉड येगळे ठेवते, थोच घ्या भाऊ. टाकणं कोणालेई जमते, काढता आलं पायजे."

तसा मॅनेजर त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर बसवूनही दिला. मी पासवर्ड टाकताना तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. इतका सभ्यपणा मला जास्तच खुपला. चहा घेऊन वळलो, तर स्क्रीनवर काहीतरी कॉपी होत होतं.

"काय कॉपी करून राह्यले?"

"सवय आहे," म्हणून तो हसला.

चोरच, माझं सगळं पेन ड्राइव्हवर घेतोय, मी ठरवलं. नालवाडीला घरी येताच त्याचा मॅनेजर काढला आणि सगळे मॉड थेट गेममध्ये ओतणारा दुसरा घेतला. तिसऱ्या दिवशी गेम उघडेना. मूळ फायलीच पुसल्या गेल्या होत्या.

शोधता शोधता माझ्याच कॉम्प्युटरवर 'जुनं' नावाचं, दुकानातल्या त्या दिवसाच्या तारखेचं फोल्डर सापडलं. त्यात माझा अख्खा गेम होता, दीडशे मॉडांसकट.

तेव्हा आठवलं, पेन ड्राइव्ह त्यानं गळ्यातून काढलाच नव्हता.