न वाचून दाखवलेला जबाब

"अंगठा तू पकड. तुमच्या लोकांना असल्या हातांची आदत असते."

इंदूरच्या जेलमधल्या खोलीत, कैद्यांचे जबाब घ्यायला आलेले आमचे सरकारी साहेब हे चारचौघांत बोलले. मी त्यांच्या ऑफिसातला ठेक्यावरचा टायपिस्ट. माझे आजोबा मिलचे संडास साफ करायचे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं घराणं दरबारी सरदारांचं.

मी अंगठा पकडला.

तो हात एका हमालाचा. सियागंज बाजारातल्या एका शेठच्या खुनात त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला जन्मठेप झालेली. खुनी दुसराच, अशी शहरभर कुजबुज. म्हणून दोघांनी सरकारकडे सुटकेचा अर्ज केला आणि सरकारने त्यांचे जबाब पुन्हा घ्यायला लावले. हमाल तासभर बोलला. "शेठचा भाचा होता तिथं. मी पाहिला ना, साहेब."

साहेबांनी मला एकच ओळ सांगितली. "मुझे कुछ नया नहीं कहना है." मी ती टाइप केली. शेवटचं "पढ़कर सुनाया, सही पाया" आमच्या कॉम्प्युटरवर आधीच तयार असतं. वाचून कुणी दाखवत नाही.

शाई लावताना तो भावाला हाक मारावी तसं हळूच म्हणाला, "भिया, मी बोललो तेच लिहिलं ना?"

मी म्हणालो, "हो."

त्या एका शब्दाने माझी झोप गेली. रस्त्यात कुणी भिया म्हटलं तरी दचकायचो. साहेबांचा राग होताच, पण स्वतःची लाज जास्त. आजोबांनी लोकांची घाण काढली, मी झाकली.

आठवड्याने धाकट्याची पाळी आली. तोही भाच्याचंच नाव घेत होता. साहेबांनी तीच ओळ सांगितली. कागद निघाला तसा मी उचलला आणि मोठ्याने वाचला. मराठीत समजावूनही सांगितला.

"हे मी बोललोच नाही!" त्याने हात मागे घेतला.

साहेब लालबुंद. "टायपिस्ट आहेस, जज बनू नको. कल से मत आना."

मी गेलो नाही. पण थोरल्याचा कागद वर पोचला होता. त्याच्यावरच बोट ठेवून सरकारने दोघांचा अर्ज फेटाळला.

आता त्या भावांचा वकील हायकोर्टात जातोय. मी शपथपत्र देणार आहे. बायको म्हणते, "खोटा कागद तुम्हीच टाइप केला. तुम्हीच फसाल."

फसेन. सांगणारे साहेब होते, टाइप करणारा मी. दोन्ही नावं लिहीन. माझं आधी.