देवाला खोटारडा म्हटलं नव्हतं

माफी मागायला निघाल्या की आमच्या मोठ्या बाई पदर खोचायच्या, जणू भांडायलाच निघाल्यात. मलकापूरच्या मुलींच्या शाळेत त्या हेडमास्तरीण आणि मी त्यांच्या हाताखालची मास्तरीण. बाई अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. गावात त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं, पण म्हणून त्यांचा आवाज कधी खाली आला नाही.

पावसाळा सरता सरता त्यांचा दारफाळणीचा सण यायचा. त्या दिवशी पांढरं नेसून, दारं लावून कडक उपास. त्याआधी मात्र वर्षभरात ज्याला दुखवलं असेल त्याच्या दारी जाऊन यायचं. एकदा माझ्या अक्षराला नावं ठेवल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली, आणि अक्षर वाईटच आहे हेही सांगितलं.

गावातल्या चर्चच्या पाद्रीसाहेबांना हे पटत नसे. रविवारी संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर चहा आणि वाद ठरलेला. माणूस आपल्या बळावर निर्दोष होत नाही, म्हणून तर प्रभूनं सगळ्यांची पापं स्वतःवर घेतली, असं ते कळवळून सांगत.

"माझं ओझं दुसऱ्यानं का उचलावं? मला हात नाहीत?" बाई विचारत.

एका वर्षी हा वाद अंगावर आला. शाळेची चाकरीण शेवंता घंटा वाजवायची आणि सकाळी घरोघर फिरून मुलींना शाळेत आणायची. एका घरी ती गेलीच नाही, असं मी ऐकलं आणि शहानिशा न करता बाईंना सांगितलं. आपण गेलो होतो, असं शेवंता सांगत होती, तरी बाईंनी शाळेच्या भर प्रार्थनेत तिला खोटारडी म्हटलं. ती गेली ती परत आली नाही, जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला लागली. आठवड्यानं त्या घरची मुलगीच कबूल झाली, की पाठांतर झालं नव्हतं म्हणून मी सरकीच्या ढिगामागं लपले होते.

शेवंता पाद्रीसाहेबांच्या चर्चमधली. तिनं प्रार्थनेत तुम्हाला क्षमा केली आहे, आता तुम्ही देवाजवळ पश्चात्ताप करा म्हणजे झालं, असं ते सांगायला आले.

"देवाला मी खोटारडा म्हटलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून जिनात गेल्या.

शेवंतानं मान वर केली नाही. "माफ तं केलं न बाई. पाद्रीबाबानं सांगतलं म्हून केलं."

बाई तशाच परतल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला शेवंता म्हणाली, "मले जिथं बोलल्या, तिथंच बोला."

चाकरणीपुढं हात जोडाल तर नोकरी जाईल, असं शाळेच्या कमिटीनं बजावलं. सणाच्या आदल्या दिवशी बाईंनी शेवंताला शाळेत बोलावलं आणि प्रार्थनेत सगळ्या मुलींसमोर तिच्यापुढं हात जोडले. शेवंतानं आपली घंटा उचलली. "चाला पोरीहो, वर्गात."

महिन्याभरात बाईंची नोकरी गेली. स्टेशनवर पाद्रीसाहेब आले होते, डोळे भरलेले. "बाई, कृपा फुकट मिळते हो. इतकं कशाला झिजायचं?"

"फुकटचं घ्यायची सवय नाही मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात घरच्या करंज्यांचा डबा दिला.

गाडी हलताना त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. "ती बातमी कुणी आणली, हे मी कमिटीला सांगितलं नाही. शेवंतालाही नाही. ते माझं काम नव्हे."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली. शेवंता घंटेकडे निघाली. मी तिला थांबवलं, मुलींना बसून राहायला सांगितलं, आणि पदर खोचला.