सूर्याला पट्टी लावणारे चाचा

प्रत्यक्ष सूर्यनारायणाला पट्टी लावणारा माणूस अख्ख्या कुवेतात एकच होता, आणि आमचं नशीब असं की शुऐबा बंदरावर नेमका तोच माझ्या डोक्यावर क्रेन चालवायचा. रत्नागिरीकडचे हे चाचा आणि मी एकाच खोलीत राहायचो. ते वर क्रेनमध्ये, मी खाली हुक अडकवायला. रोज सकाळी चाचा गजभर लाकडी पट्टी घेऊन समुद्राकडे तोंड करून बसत. पट्टीचं एक टोक डोळ्याशी, वर उभा पेन्सिलचा तुकडा. धुळीतून उगवणारा फिकट सूर्य पेन्सिलीमागे जिथे बरोब्बर झाकला जाई, तिथला आकडा वहीत जायचा. ग्रीकांच्या एका गणितज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वी सूर्य असाच मापला होता, असं एका ग्रीक जहाजावरच्या खलाशाने त्यांना सांगितलं आणि हे खूळ लावून तो निघून गेला. आकडा रोज तोच! "चाचा, सूर्य काय रात्रीत वाढतो?" मी चिडवायचो. "गप रे शहाण्या, चहा टाक," म्हणायचे.

त्या वर्षी क्रेनवाल्यांची डोळेतपासणी निघाली. नापास होईल त्याने सरळ घरचा रस्ता धरायचा. चाचांच्या धाकटीचं लग्न ठरलेलं, आणि इकडे चाचा चहात मीठ घालू लागलेले. आदल्याच आठवड्यात त्यांच्या क्रेनची एक लोखंडी पेटी माझ्या कानाला वारा घालून गेली होती. मी कुणाला बोललो नाही. उलट तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं मीच त्यांच्याकडून घोकून घेतली. चाचांनी ती इतकी चोख म्हटली की डॉक्टरची काठी पोचायच्या आत पुढचं अक्षर हजर! पास झाले. खोलीत शेवयांची खीर झाली.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पेन्सिल तीनदा सरकवली. मग पट्टी खाली ठेवली.

"दोन बोटं फरक पडला रे."

"सूर्यात?"

"सूर्याला काय धाड भरलीय! गेला महिनाभर थोडा थोडा पडतोय. डोळा गेला माझा."

मी त्यांचा हात धरला. "चाचा, पास झालात ना? गप्प बसा. पोरीचं लग्न आहे."

"आणि हुकाखाली तू आहेस," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी काय लिहू?"

हात सोडवून ते तडक फोरमनकडे गेले.

बोटीवर त्यांना पोचवायला गेलो आणि धक्क्यावर उभा राहिलो. कठड्याशी उभे राहून चाचा जोरजोरात हात हलवत होते, माझ्यापासून दहा हातांवरच्या एका अनोळखी माणसाला. मी हळूच जाऊन त्याच्या जागी उभा राहिलो.