दाराशी आलेलं कॉलेज

कुंभिवलीची ठमी मॅट्रिक झाली त्या साली खालापूरकडं एका बंद भातगिरणीच्या गोदामात नवं कॉलेज निघालं होतं. तिथं फक्त आर्ट्स. ठमीला सायन्स हवं होतं. शाळेतल्या एकुलत्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं कांद्याचा पापुद्रा पाहिला होता, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पुण्याची सोनुबाई मावशी तिला ठेवून घ्यायला तयार होती.

पण घरात आई, अंबाबाई, दम्यानं अंथरुणाला खिळलेली. वडील मागेच वारलेले. थोरला भाऊ चांगो दिवसभर हायवेवरच्या गॅरेजात.

"पुण्याला चांगलं शिकशील," चांगो म्हणाला, "पण आयचं कोण बघंल? हितं दाराशी कॉलेज हाय. दुपारी घरी येशील."

"हितं सायन्स नाय, दादा."

"नाय. ते मलाबी ठाव हाय."

ती हेडमास्तरांकडं गेली. ते म्हणाले, "लहान कॉलेजात सर तुला नावानं ओळखतील, अडलं तर घरी बोलावून शिकवतील. पुण्यात तू गर्दीतली एक. पण हे कॉलेज टिकेल का, ते मला सांगता यायचं नाही."

आईकडं बघून ठमी गावातच राहिली.

पहिलं वर्ष बरं गेलं. इतिहासाच्या टिपणीस सरांनी तिला स्वतःची पुस्तकं वाचायला दिली, तिच्या उत्तरांवरून तिच्याशी वाद घातला. आजवर तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी हायवेला कारखाने उभे राहिले आणि पोरं एकेक करून तिकडं कामाला लागली. मुलींची लग्नं ठरली. वर्ग रिकामा होत गेला. त्या थंडीत अंबाबाई गेली. ठमी तिला धरून बसली होती. उन्हाळ्यात टिपणीस सरांना अलिबागला नोकरी मिळाली, आणि सुट्टीनंतर कॉलेज उघडलंच नाही.

एव्हाना मावशीकडं सून आली होती, घरात जागा नव्हती. ठमी घरूनच बी.ए.ला बसली. इंग्रजी समजावून द्यायला कुणी नव्हतं. ती नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. मग लोधिवलीच्या बालवाडीत लागली. लग्नाची बोलणी निघाली आणि मोडली.

बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी चांगो म्हणाला, "माझ्यामुळं अडकलीस तू, ठमे."

"तू नुसतं बोललास. राहिले मी."

"पुण्याला गेली असतीस तर..."

"तर आय एकटी गेली असती."

चांगोला जरा बरं वाटलं. ठमी चुलीतली लाकडं मागं ओढत होती.

"तरी मला वाटतं रं," ती म्हणाली, "जायला पायजे होतं."

तिनं भात उतरवला आणि दोघांची ताटं वाढली.