पौषातला मांडव

जयदेव गायकरने उभं आयुष्य दुसऱ्यांचे पलंग घाटावर चढवण्यात घालवलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी शेठकडे त्याचा टेम्पो लागलेला. बदलापूर, मुरबाड करत माळशेज चढायचा आणि ओतूर, जुन्नरच्या अंगाला जी काही लॉजं, डाकबंगले, धर्मशाळा असतील तिथे कपाटं, पलंग, सोफे उतरवून यायचा. मुक्काम पडला तर तिथेच. नव्या पलंगावर नव्हे, टेम्पोच्या हौद्यात. पण सकाळी डोळे उघडले की समोर दगडी ओटा, हाताएवढ्या जाड सागवानी दांड्याचं दार, मागे डोंगर. साहेबाच्या काळातली घोड्यांची पागा. घरी आला की जेवता जेवता काशीला सगळं सांगायचा.

"तुमचे घाट आयकून आयकून माझे कान झिजले," काशी म्हणायची. "एकदा डोल्यांना पन दाखवा."

दाखवणार कधी? काशी आगरी लग्नांतली धवलारीण. हळद असो, मुहूर्तमेढ असो, लग्न लागायचं असो, धवलारीण मांडवात बसून धवला गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत तिला बोलावणी यायची. लग्नसराई आली की लोकांना कपाटही लागतं आणि धवलारीणही लागते, तेव्हा नवरा-बायको दोघेही एकाच वेळी कामाला जुंपलेले. पावसात घाटात दरडी आणि माहेरच्या शेतात लावणी. राहता राहिला पौष. त्या महिन्यात लग्न नाही, माल नाही, शेठ स्वतः "साईं, घर जाके सो जा" म्हणायचा. पण पौष म्हणजे काशीच्या बसलेल्या आवाजाला विश्रांतीचा महिना. ती गळ्याला हळद-गुळाचा लेप लावून, तोंडाला कुलूप घालून बसायची. घाट पुढच्या वर्षावर जायचा.

गेल्या भाद्रपदात काशीच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लोंबला, उजवा पाय ओढत चालायला लागली, ते हळूहळू थोडंफार सुधारलं. गेली ती वाचा. समजायचं सगळं. भाजीत मीठ जास्त झालं तर जयदेवकडे अशी बघायची की मीठ कुणी टाकलं हे सांगायची गरज उरू नये. पण तोंड उघडलं की नुसती हवा.

कल्याणला बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. मुलगी प्राची आईला दर आठवड्याला बदलापूरहून येऊन तिथे न्यायची. मॅडमनी सांगितलं की बोलण्याची जागा दुखावली असली तरी गाण्याची जागा वेगळी असते. तोंडपाठ गाणं असेल ते म्हणायला लावा, कधीकधी सुरामागोमाग शब्द येतात. मात्र पहिले काही महिनेच महत्त्वाचे, नंतर वाट बुजत जाते.

प्राचीला आनंद झाला. आईला तोंडपाठ काय नाही? रात्रभर पुरतील एवढे धवले तिच्या पोटात होते. घरी येऊन ती म्हणाली, आई, म्हण. काशीने डावा हात ओठांवर ठेवला आणि मान हलवली.

तिला शिकवणारी राजाबाई मरून गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण तिने घातलेली शपथ जिवंत होती. धवला मांडवाशिवाय गायचा नाही. चुलीपाशी गुणगुणायचा नाही, शिकवताना सोडून बाहेर कुठे तोंडातून काढायचा नाही. धवला म्हणजे देवांना आमंत्रण. ते आले आणि मांडवच नसला तर बसतील कुठे? लग्नात कुणी मोबाईल वर धरला तरी काशी थांबायची, तो खिशात गेल्यावर पुढचं कडवं. त्यामुळे घरात तिच्या आवाजाचं एक अक्षर टिपलेलं नव्हतं.

मग एकच उपाय होता, लग्न. मार्गशीर्षात बदलापूर गावात एका घरचं लग्न तिच्याकडे आधीच ठरलेलं. त्या घरची माणसं केळी घेऊन भेटायला आली, तब्येत विचारली, चहा घेतला, आणि चपला घालता घालता म्हणाली, वांगणीकडची एक बाई सांगितलीय, तुम्ही आता आराम करा, काशीबाय. त्यांचंही चुकलं नव्हतं. मुक्या धवलारणीला मांडवात कोण बसवील? जयदेव दारात उभा राहून विचार करत राहिला. मांडव मिळाला तर ती गाईल. आणि गाईल तेव्हाच मांडव मिळेल. अशी गाठ त्याने आयुष्यात कधी बांधली नव्हती, आणि सुटेल कशी तेही कळत नव्हतं.

पौष लागला. शेठ म्हणाला, घर जाके सो जा. जयदेवने टेम्पो धुतला, केबिनमध्ये काशीच्या सीटला गादी बांधली, हौद्यात स्टोव्ह, चादरी, ताडपत्री, बांबू, दोर टाकले. प्राचीला सांगितलं, आईला घाट दाखवून आणतो. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, जयदेवशेठ म्हातारपणी हनिमूनला निघाले. काशी हसली, अर्ध्या ओठाने. निघाल्याचा आनंद तिला झाला होता, हे जयदेवला दिसत होतं. त्याच्या मनात काय आहे ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. घरापासून लांब, जिथे भावकीतलं कुणी ऐकायला नाही, राजाबाईला ओळखणारं कुणी नाही, तिथे तिची जीभ जरा सैल होईल, एवढीच त्याची आशा.

बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड गाठलं, पुढे टोकावड्याला वडापाव खाल्ला. माळशेज चढताना तो गाइडसारखा बोलत होता. "इकरं बघ. हितं दरर आलती, मी अख्खा दिवस अरकून परलो. त्या कड्यावर माकरं बसतात, ती माझा टेम्पो वलखतात." काशी काचेला नाक लावून बघत होती. पौषातला घाट सुकलेला, कडे काळे-पिवळे, धबधब्यांच्या नुसत्या ओल्या रेघा राहिलेल्या. पण ती अशी बघत होती की जणू त्याच्या सगळ्या वर्षांच्या गोष्टी एकेक करून ताडून पाहतेय. एका वळणावर तिने त्याचा दंड दाबला, म्हणजे थांब. उतरली, कठड्याला धरून उभी राहिली. खालून वारा येत होता. जयदेव हळूच म्हणाला, "काशे, हितं कोनी नाय. एक कडवं."

तिने ओठांवर हात ठेवला.

पहिला मुक्काम घाटमाथ्यावरच्या डाकबंगल्यात. तिथले सोफे जयदेवनेच आणून टाकलेले. जुना शिपाई हिंदुराव धावत आला, वहिनी पहिल्यांदाच आल्या म्हणून त्यांना साहेबाची खोली उघडून देतो म्हणाला. उंच छत, शेकोटीची जागा, भिंतीत बंदूक ठेवायचा कोनाडा. हिंदुराव काशीला विचारत राहिला, कसं वाटलं आमचं घाटमाथं, जेवायला पिठलं करू का, थंडी सोसते का. काशी नुसती बघायची आणि दर वेळी जयदेव उत्तर द्यायचा. शेवटी हिंदुराव हसत म्हणाला, वहिनी लईच अबोल दिसतात. जयदेवला खरं सांगायचं होतं. पण काशीने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि तो म्हणाला, व्हय, लाजतात जरा. ज्या बाईने आगरी लग्नांत नवऱ्यामुलाच्या मामाला भर मांडवात टोमणे मारून पळवलं होतं, ती लाजते म्हणे. नंतर एकांतात काशी पुन्हा अर्ध्या ओठाने हसली. मग तिचे डोळे भरले आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या अलीकडे एका खेड्यातली धर्मशाळा. कुठल्याशा सावकाराने यात्रेकरूंसाठी बांधलेली, दगडी कमानी, मधे चौक, चौकाच्या कोपऱ्यात उंबर. ती सांभाळायची बनूबाई, ठसठशीत कुंकवाची म्हातारी. जयदेव टेम्पोतले पलंग उतरवायला यायचा तेव्हा तिने त्याला कितीदा भाकरी घातलेली. काशीचा लोंबता हात तिने पाहिला आणि काही विचारलं नाही. गरम पाणी आणून दिलं, वेणी घालून दिली, शेजारी बसून शेंगा फोडत राहिली. प्रवासात पहिल्यांदाच काशीचे खांदे खाली आले.

उंबर पाहिला आणि जयदेवच्या डोक्यात ते शिरलं. मांडवाला उंबराची फांदी लागते. फांदी समोर होती. बांबू टेम्पोत होते, दोर होता, ताडपत्री होती. मांडव कुणी देत नसेल तर बांधायला काय हरकत?

पहाटे काशी झोपलेली असताना त्याने चौकात चार बांबू रोवले. वर ताडपत्री ओढली, कडेला आंब्याच्या डहाळ्या खोचल्या. माल घाटात हलू नये म्हणून जी गाठ मारतो तीच चारी कोपऱ्यांना मारली, ओढाल तेवढी आवळणारी. उंबराची फांदी मुहूर्तमेढीसारखी पुढच्या बांबूला बांधली. खाली चादर टाकली. मागे सरून पाहिलं तर चांगला दिसत होता, एखाद्या गरिबाघरच्या हळदीचा वाटावा असा. तो ओट्यावर बसून वाट पाहू लागला.

आधी बनूबाई आली, हातात झाडू. थबकली.

"आवं, ह्यो मांडव कशापायी?"

जयदेवने तिला सगळं सांगितलं. वाचा, गाणं, शपथ, मॅडम, बुजत जाणारी वाट. म्हातारीने ऐकून घेतलं. मग फार हळू आवाजात म्हणाली, "पर बाबा, पूस हाय न्हवं. पुसात मांडव घालत्यात का?"

जयदेवचा हात ओट्यावरून घसरला. पौष. शेठची सुट्टी म्हणून त्याने पौष धरला, घाट मोकळा म्हणून पौष धरला. काशी ज्या महिन्यात गळ्याला लेप लावून गप्प बसते, ज्या महिन्यात देवांना आमंत्रण जात नाही, तोच महिना त्याने सगळ्या वर्षातून निवडून काढला होता. एवढी वर्षं तिच्याबरोबर राहून.

तो उठून मांडव सोडणार तेवढ्यात काशी दारात आली.

ती पाय ओढत चौकात उतरली. मांडवापाशी गेली, उंबराच्या पानांना हात लावला, तो हात कपाळाला लावला. तिचे ओठ हलले. जयदेव एक पाऊल पुढे आला. वाटलं, येतं, आता येतं. पण काशीने वाकून डाव्या हाताने कोपऱ्यातली गाठ धरली आणि सोडायला लागली. गाठ मालाची होती, एका हाताला दाद देईना. ओढली तशी अधिकच आवळली. ती दातांनी लावून बघू लागली. बनूबाई पुढे व्हायला निघाली तर काशीने मानेनेच नको म्हटलं. तिला कुणाची मदत हवी होती ते स्पष्ट होतं.

जयदेव गेला. आपल्याच हातांनी त्याने चारी गाठी सोडल्या. काशीने उंबराची फांदी तेवढी उचलली आणि झाडाच्या बुंध्याशी नेऊन टेकवून ठेवली.

घोडेगावकडे जायचं होतं, पण जयदेवने टेम्पो घराकडे वळवला. बनूबाईने शेंगांची पुडी काशीच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. ओतूर गेलं, धरणाचं पाणी गेलं. येताना सगळ्या वळणांची नावं सांगणारा माणूस आता नुसता गिअर बदलत होता.

घाट उतरायला लागला तेव्हा ते त्याच्या तोंडातून कसं निघालं, त्याला स्वतःलाच कळलं नाही. लग्नघरून काशीला आणायला जाऊन मांडवाबाहेर टेम्पोत बसून त्याने ऐकलेला धवला. उंबर आणायला निघालेल्या पाच सवाष्णींचा. त्याचा आवाज म्हणजे करकचून लावलेला ब्रेक. पुरुषाने धवला म्हणू नये, पौषात तर नाहीच, हे आता त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो म्हणत राहिला. दुसऱ्या कडव्यात अडखळला, तेच पुन्हा धरलं. वाटलं, एवढ्या वाईट आवाजात आपला धवला ही बाई सहन करणार नाही. तोंड उघडेलच.

काशी गादीवरून सरकली. डावा हात आडवा आणून तिने तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

पुढे वळण होतं, समोरून भाजीचा ट्रक चढत होता. जयदेवला स्टिअरिंग सोडता येईना. तसाच, तोंडावर बायकोचा हात घेऊन, त्याने वळण घेतलं. ती त्याच्या खांद्याला टेकली होती. आणि त्याला खांद्यात थरथर जाणवली. बारीक, सलग, छातीतून येते तशी. गाताना तिचा गळा असाच थरथरायचा. की इंजिनाची होती? या टेम्पोत सगळंच थरथरतं, काच, सीट, आरसा.

रुंद जागा दिसताच त्याने टेम्पो बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं.

दरीतून वारा आला. कड्यावर माकडं बसली होती. जयदेव कान देऊन बसला, खांदा न हलवता, श्वास अर्धा ठेवून. काही नव्हतं. होतं ते थांबलं होतं, किंवा कधी नव्हतंच.

"काशे," तो तिच्या तळव्यामागून म्हणाला, "तू व्हतीस ना?"

काशीने त्याच्या तोंडावरचा हात काढला, पदराने त्याच्या मिशीवरचा घाम पुसला, आणि त्याच हाताने पुढचा रस्ता दाखवला. चला.

त्याने किल्ली फिरवली. पुन्हा सगळं थरथरायला लागलं.