भिंतीवरचे सायकस

माझ्या आणि कडूबाईच्या घरांच्या मध्ये जी कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर सायकसची रोपं मांडलेली आहेत. रोपं कसली, दह्याचे डबे, रंगाचे डबे, एक कान तुटलेला कुकर, आणि प्रत्येकात दोन-चार पानं. नवा पाहुणा आला की हटकून विचारतो, "हे आत्ताच लावलंय वाटतं?" मी म्हणते, "नाही हो, हे लावलं तेव्हा सोनिया शाळेत होती." सोनिया म्हणजे कडूबाईची लेक. तिला आता सिल्लोडला दिलंय आणि तिचं पोर भिंतीला धरून चालायला लागलंय. सायकस आहे तिथंच आहे.

मला या झाडाचा मनापासून राग येतो. मी जन्मभर शाळेत शिकवलं. जूनमध्ये आलेली पोरं एप्रिलमध्ये पुढच्या वर्गात गेली की माझ्या जिवाला बरं वाटायचं. वर्षाला एखादं पान काढायचं आणि बाकीचं वर्ष नुसतं उभं राहायचं, याला काय झाड म्हणायचं? पण आमच्या ह्यांना भारी हौस. शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात तिथं आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसती वावरं होती. ह्यांनी सगळ्यांत आधी फाटकाशी सायकस लावला. हे गेले, झाड राहिलं. आता ते माझ्या खांद्याला लागतं आणि जाता-येता साडी ओढतं.

कडूबाई मात्र वाटेवर जन्मलेली. नक्की कुठं, ते तिच्या आईलाही धड सांगता यायचं नाही. "पैठणच्या अलीकडं, तुरीच्या वावरात," एवढंच. माहेर धनगराचं. गाव म्हणायला देवगाव रंगारी, पण गावात ते पावसाळ्यापुरते. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड चढायचं. भांडी, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी लेकरं, सगळं त्या एका घोड्यावर. आणि मेंढरं गोदाकाठाकडं निघायची. एका वावरात खतासाठी दोन रात्री बसवायची, फार तर तीन, की पाल गुंडाळून पुढं.

"चौथी रात एका जागी काढली की माझी झोप उडायची, बाई," ती मला सांगते. मी कितीतरी वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण ती मला अजून बाईच म्हणते.

अशा मुलीसाठी बापानं मुद्दाम घरातला नवरा पाहिला. अंगद वाळूजला एका कंपनीत कायम होता. लेकीला दार असावं, दाराला कडी असावी, एवढीच त्या बापाची इच्छा. ती पुरी झाली. सोनिया सहावीत असताना अंगद माल उतरवताना ट्रकवरून पाठीवर पडला आणि कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं. डॉक्टरांनी कडूबाईला सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि त्या जखमांनीच माणूस जाईल.

तेव्हापासून कडूबाई दोन तासांच्या पलीकडं कुठंही गेलेली नाही.

सोनियाच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही औरंगपुऱ्यात गेलो होतो. दुकानदारानं गाद्यांवर साड्यांचा ढीग घातला. कडूबाईनं दोन साड्या हातात घेतल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि उठली. "तुम्हीच निवडा," म्हणाली आणि रिक्षा धरून गेली. पोटच्या पोरीचा शालू मी निवडला. मला तो जांभळा आवडला होता. तिला आवडला की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

या बाईला सायकसचा नाद लागला तो माझ्याच झाडामुळं. सायकसमध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी. आमचं झाड मादी. एका हिवाळ्यात त्याच्या डोक्यावरच्या मऊ गाभ्यात केशरी बिया दिसायला लागल्या, मोठ्या बोराएवढ्या. कडूबाईनं त्या मागून नेल्या आणि डब्यांत पेरल्या. वर्षभर पाणी घातलं. काहीच उगवलं नाही. मग एक बी दगडानं फोडली तर आत पोकळ. मी म्हटलं, बरी खोड मोडली. तर ही कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "म्या बी येडीच! मेंढा नाय सोडला तर कोकरं कुठून यायची?"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या बंगल्यात एक नर सायकस होता. उन्हाळ्यात त्याला मक्याच्या कणसासारखा भला मोठा तुरा आला. कडूबाईनं त्याची पिवळी धूळ कागदात झटकून आणली आणि आमच्या झाडाच्या डोक्यात ओतली. पुढच्या हिवाळ्यात बिया जड निघाल्या. तिनं त्या बादलीत भिजत टाकल्या. तरंगल्या त्या फेकल्या, बुडाल्या त्या ठेवल्या. हाताला पिशव्या बांधून केशरी साल चोळून काढली, कारण त्या सालीत विष असतं. मग वाळूत आडव्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. त्यानंतर कित्येक महिने भिंतीवर नुसते वाळूचे डबे. मी रोज सकाळी डोकावून बघायचे आणि चिडून आत जायचे. तिला कसलीच घाई नव्हती.

अंगदची खाट खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर ही भिंत. त्याला दिवसभर तेच दिसतं. पहिलं पान आलं तेव्हा तो मला म्हणाला, "बघू बाई, हे आधी वाढतंय का मी आधी उठतो."

"चालू द्या तुमची दोघांची शर्यत," कडूबाई आतून म्हणाली. त्या घरात तेव्हा हसता यायचं.

एक गोष्ट मात्र ती फार जपायची. झाडं भिंतीवरच हवीत, जमिनीवर नकोत. मेंढरानं पान खाल्लं तर मेंढरू मरतं. मी म्हणायचे, अगं, या कॉलनीत मेंढरू येणार कुठून? पण वर्षातून एकदा मेंढरं यायचीच. दिवाळीनंतर तिचा थोरला भाऊ रामहरी कळप घेऊन गोदाकाठाला जाताना आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर एक मुक्काम टाकायचा. कुत्री भुंकायला लागली, घंटा वाजायला लागल्या की कडूबाई हातातलं टाकून गच्चीवर पळायची. रामहरी तांब्याभर दूध घेऊन दारात यायचा. खाटेशी बसून अंगदशी दोन शब्द बोलायचा आणि उठताना दरवर्षी तेच विचारायचा, "येतीस का कडू, चार दिस?"

"औंदा नाय, दादा."

औंदा सोनियाची परीक्षा. औंदा अंगदला ताप. औंदा लग्न. औंदा बाळंतपण. रामहरी मान हलवायचा आणि जायचा. कडूबाई दुसऱ्या दिवशी गच्चीवरून कळप बायपासकडं जाताना बघायची आणि मग खाली येऊन मुकाट्यानं अंगदची कूस बदलायची. मला तिच्या त्या मुकाटपणाची कीव यायची आणि संतापही यायचा.

यंदा सोनियानं सगळं जमवून आणलं. ती दिवाळीला पोराला घेऊन आली आणि आईला म्हणाली, "पंधरा दिवस मी हाये. आप्पांचं सगळं मला येतंय. तू मामासंगं जा."

अंगदही म्हणाला, "जा ना. सोनी बदलील माझी कूस."

आता नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. मला तर इतका आनंद झाला की मी तिच्यासाठी शेव-चिवड्याची पुडी बांधून भिंतीशी गेले. कडूबाई डब्यांवर वाकली होती. यंदा चार-पाच रोपांना एकदमच नवं पान फुटत होतं, कोवळं, टोकं गुंडाळलेली.

"नाय जमायचं, बाई," ती मान वर न करता म्हणाली. "सायकसला पान फुटायलंय. कोवळ्या पानाला लई जपावं लागतं."

"मी घालीन की पाणी."

"तुम्ही लई घालता. बुडातला कांदा सडतो."

मग मात्र माझा तोल गेला. तीस पोरांच्या वर्गात चढायचा तसा माझा आवाज चढला. "कडूबाई, तूच मला सांगितलं होतंस, पंधरा दिवस पाणी नाही मिळालं तरी या झाडाला काही होत नाही म्हणून. कुणाला बनवतेस? नवरा जा म्हणतोय, पोरगी जा म्हणतेय, भाऊ दारात येतोय आणि तू या दगडासारख्या झाडाचं निमित्त काढतेस?"

ती ताठ झाली. एकदा खिडकीकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "गेले तर मी माघारी यायची नाय, बाई."

मी हातातली पुडी भिंतीवर ठेवली.

"मला माझा भरवसा नाय. हितं हात चालायलेत, पर आतून मी दरसाल दादासंगं जाती. एकदा का वाटंला पाय लागले तर ते हिकडं वळायचे नाय. मग ह्यांचं काय?"

ती हळू बोलली होती, पण खिडकी उघडी होती. आतून अंगदचा आवाज आला, "कडू."

तिनं एक डबा हातात उचलला.

"जा तू. माघारी नाय आलीस तरी जा."

"गप पडा!" ती ओरडली. तिच्या हातातला डबा भिंतीवर आपटला आणि थोडी वाळू सांडली. ती वाळू तिनं बोटांनी गोळा करून पुन्हा डब्यात भरली. बराच वेळ भरत होती.

त्याच संध्याकाळी रामहरीचा मुक्काम पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. साडी वर खोचलेली, हातात काठी, डोक्यावर गाठोडं. मी गच्चीवरून पाहत होते. कळपाच्या मागं ती सवय असलेल्या माणसासारखी चालत होती. एक कोकरू मागं राहिलं तर तिनं चालता चालता ते काखेत उचललं. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. खरं सांगते, मला वाटलं, ही आता येत नाही. आणि येऊ नये, असंही वाटलं. हे वाटल्याची मला लाज नाही.

खाली आले तर अंगद खिडकीतून विचारत होता, "दिसायलेत का अजून?"

कळप कधीच दिसेनासा झाला होता. "हो, दिसतात की," मी म्हटलं.

"चालायली का नीट?"

"झपाझप."

तो हसला आणि त्यानं डोळे मिटले.

मी भिंतीवरच्या डब्यांना पाणी घातलं. कांदा सडू नये म्हणून मोजकंच. दुपारी सोनियानं जेवायला बोलावलं म्हणून त्यांच्याकडं गेले. तिनं नुकतीच बापाची कूस बदलली होती, पाठीला पावडर लावली होती, उशी नीट केली होती. अंगदचं तोंड खिडकीकडं होतं. आम्ही ताटं घेतो न घेतो तोच फाटक वाजलं.

कडूबाई आत आली. गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्यावर गाठोडं नाही, हातात काठी नाही. ती आमच्याकडं न बघता सरळ खाटेशी गेली, एक हात अंगदच्या खांद्याखाली घातला आणि एक मांडीखाली.

"आई, आत्ताच तर मी..." सोनिया बोलायला लागली. अंगदनं तिच्याकडं नुसतं पाहिलं.

कडूबाईनं त्याला खोलीच्या आतल्या भिंतीकडं वळवलं. पाठ तपासली, चादरीची सुरकुती काढली, उशी सरकवली. खिडकी त्याच्या पाठीमागं गेली.

मी ताट तसंच ठेवून बाहेर आले. मागोमाग ती भिंतीशी आली आणि डब्यांशी उभी राहिली.

"पैठण रोडला लागलो," ती म्हणाली. "लई बरं वाटायलं होतं. दादानं चहा केला. मग ऊन वर आलं अन् माझे हात शिवशिवाया लागले. दादा म्हणला, काय झालं? म्या म्हणलं, वखत झाला. अन् वळले. गाठोडं घोड्यावरच राहिलं."

"अगं, पण सोनिया होती ना!"

"मला ठावं हाये." तिचा आवाज फाटला. "बाई, इतकी वर्सं म्या त्याच भरवशावर काढली हो. म्हणायची, एक दिस सुटले की सुटले, माघारी यायची नाय. रातीला तेवढं म्हणलं की झोप लागायची. अन् बघा ना, कुणी बोलावलं बी नाय... आले ना मी."

ती भिंतीला धरून रडली. जन्मात पहिल्यांदा मी तिला तसं रडताना पाहत होते. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि तोंडाला येतील ते शब्द बोलले. त्यातला एकही कामाचा नव्हता.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, पहिल्या डब्यात बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाली, "ओलं हाये." दुसऱ्यात खुपसलं, तिसऱ्यात खुपसलं. कूस बदलायला अजून बराच वेळ होता, तरी ती आत गेली.